चकत्यांची फळी

आमच्या महाडात परीक्षांचे हंगाम दोन. पहिला मार्चमधला, मुलांचा. त्यात आया देवाला नारळ बोलतात आणि पोरं पेपर सोपा गेला म्हणून थापा मारतात. दुसरा मे महिन्यातला, गाड्यांचा. शाळा उघडायच्या आत डोंगरातल्या वाड्यांवरच्या जीपा, टेंपो, मुलं नेणाऱ्या व्हॅन असं सगळं पासिंगला लागतं. आरटीओच्या साहेबांसमोर गाडी उभी करायची आणि ती अजून वर्षभर रस्त्यावर चालायला लायक आहे हे पटवून द्यायचं. त्याआधी धुराची तपासणी करून घ्यावी लागते. ती मी करते. पेट्रोल पंपाच्या कडेला माझी पत्र्याची केबिन आहे. आत एक कॉम्प्युटर, एक मशीन, नंबरप्लेटचा फोटो काढायला एक कॅमेरा आणि दिवसभर गरम हवा फेकणारा एक पंखा.

मे लागला की रस्त्याच्या कडेला करवंदांच्या टोपल्या येतात, कुठेतरी फणस फुटल्याचा वास येतो, आणि माझ्या केबिनपुढे जीपांची रांग लागते. सायलेन्सरमध्ये मशीनची नळी घालायची आणि ड्रायव्हरला ओरडून सांगायचं, "काका, फुल्ल रेस द्या! आता सोडा! परत द्या!" वर्षभर ज्यांच्या मागे उभं राहवत नाही अशा गाड्या त्या दिवशी शहाण्या मुलीसारख्या वागतात. धूर नावालाही नसतो. आकडा मर्यादेत येतो, कागद छापून बाहेर पडतो. माझ्या मशीनने आजवर कुणाचं खोटं लिहिलेलं नाही. फक्त त्याचं खरं फार थोडा वेळ टिकतं. माझ्या केबिनपासून गॅरेजपर्यंत, फार तर.

हे कसं चालतं ते मला पहिल्यापासून ठाऊक होतं, कारण ते गॅरेज माझ्या वडिलांचंच होतं. सगळा तालुका त्यांना अण्णा मिस्त्री म्हणायचा. इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाचं काम करावं तर अण्णांनी, असं पार पोलादपूरपर्यंतचे लोक म्हणत. मुंबईकडून आलेली गाडी सपाटीवर पळते, पण कशेडीच्या किंवा वरंधच्या चढाला तिला धाप लागते. तेव्हा अण्णा पंपाचं शिसाचं सील फोडायचे आणि आतल्या स्प्रिंगखाली एक पितळी चकती घालायचे. नखाएवढ्या जाडीची, स्वतः कानशीने घासून बनवलेली. त्या चकतीने इंजिनात डिझेल जरा जास्त जातं, गाडी अंगातला जोर दाखवते, आणि जे डिझेल नीट जळत नाही ते काळं होऊन मागे पडतं. मागे म्हणजे कुठे, हे कुणी विचारत नव्हतं.

मे महिन्यात सगळ्या चकत्या बाहेर निघायच्या. गॅरेजच्या भिंतीवर, पुराच्या पाण्याच्या रेघेच्या वर, एक लांब फळी होती. तिच्यावर खिळे, आणि प्रत्येक खिळ्याखाली लाल रंगात गाडीचा नंबर. पासिंगच्या आधी चकती काढून खिळ्यावर लटकवायची. गाडी पास झाली की दुसऱ्या दिवशी मालक पेढ्याचा पुडा घेऊन येणार, अण्णा खिळ्यावरून चकती काढणार, परत पंपात घालणार. देवाचे टाक देव्हाऱ्यातून काढून घासूनपुसून पुन्हा जागेवर ठेवावेत इतक्या शांतपणे हे काम व्हायचं. चोरी करतोय असं कुणाला वाटलंच नाही. लहानपणी मलाही ती फळी फार आवडायची. चकत्या एकमेकींना लागून किणकिणायच्या.

ती फळी आता माझ्या केबिनमध्ये आहे. पंख्याच्या वाऱ्याने हलायला तिच्यावर चकत्या उरलेल्या नाहीत. एकच उरली होती, २३१८ नंबरच्या खिळ्यावर. आणि तिच्या शेजारी आणखी एक खिळा होता, रिकामा. त्याच्याखालीही अण्णांच्या अक्षरात तोच नंबर, २३१८. एका गाडीला दोन खिळे कशाला, हे मला चार वर्षं कळलं नाही. शेवटच्या आजारात अण्णांचा गोंधळ झाला असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

अण्णांच्या त्या शेवटच्या मे महिन्याबद्दल मला लिहायचं आहे.

अण्णांकडे मशीन नव्हतं. त्यांची तपासणी फडक्यावर चालायची. पासिंगचा हंगाम जवळ आला की आई जुन्या पांढऱ्या चादरी, उशांचे अभ्रे काढायची आणि फाडून चौकोनी फडकी करायची. सुती कापड फाटतानाचा तो कोरडा आवाज आला की आम्ही समजायचो, मे आला. अण्णा फडकं सायलेन्सरच्या तोंडाशी धरायचे, गाडी रेस करायला सांगायचे, आणि मग ते उन्हाकडे धरून बघायचे. करडा डाग पडला तर पास. काळपट पडला तर काठावर पास. आणि मधोमध काजळीचा गोळा बसला तर नापास. गाडी पुन्हा आत. मी केबिन घेतली तेव्हा मला चिडवायचे, "तुझ्या मशीनला लाइट लागते. माझ्या फडक्याला नुसतं ऊन पुरतं." आणि खरं सांगायचं तर त्यांचं फडकं आणि माझं मशीन यांच्या निकालात मला कधी फरक सापडला नाही.

त्या वर्षी ते खोकत होते. खोकत आधीही होते, पण मिस्त्री माणूस खोकायचाच, असं घरात सगळ्यांनी धरलेलं होतं. एका दुपारी मी डबा घेऊन गॅरेजवर गेले. आई फडकी घेऊन आलेली होती. अण्णांना खोकल्याची उबळ आली, हातात होतं ते कोरं फडकं त्यांनी तोंडाला लावलं. उबळ बराच वेळ थांबेना. थांबली तेव्हा त्यांनी फडकं तोंडापासून काढलं आणि सवयीने, अगदी सवयीनेच, उन्हाकडे धरलं. आम्ही तिघांनीही बघितलं. कफात काळे ठिपके होते.

"नापास," अण्णा म्हणाले.

हसण्यासारखं बोलले होते, पण हसलं कुणीच नाही. आईने ते फडकं त्यांच्या हातातून घेतलं, चुरगळलं आणि पदरात बांधलं. गॅरेजच्या डब्यात ते तिला टाकवलं नाही.

डॉक्टरांनी छातीचे फोटो काढले आणि विचारलं, "किती वर्षं या धुरात काम करताय?" अण्णा म्हणाले, "वर्षं सांगू का गाड्या सांगू?" डॉक्टर भले होते, त्यांनी राग मानला नाही. बाहेर येऊन मला एकटीला सांगितलं की फुप्फुसं आता सुधारायची नाहीत, आहेत ती सांभाळायची. मी पायरीवर बसून रडले. मग डोळे पुसून केबिनवर गेले, कारण रांग लागलेली होती. त्या दिवशी मी किती गाड्यांना पास केलं ते आठवत नाही. प्रत्येक कागद बाहेर येताना मला अण्णांच्या हातातलं फडकं दिसत होतं एवढं आठवतं.

पासिंग संपलं आणि मालक चकत्या न्यायला आले. अण्णा खुर्चीत बसून होते. म्हणाले, "ज्याची त्याने न्या. मी नाय बसवणार आता." लोकांना वाईट वाटलं, तब्येतीची विचारपूस झाली, पेढे ठेवले गेले, आणि एकेक करून चकत्या फळीवरून उतरल्या. हायवेवर दुसरी गॅरेजं काय कमी आहेत? आठवड्यात सगळ्या जीपा पुन्हा काळा धूर सोडत घाट चढायला लागल्या.

एकच चकती अण्णांनी दिली नाही. कोंडीरामकाकांची.

कोंडीरामकाका वरंधच्या वर, घाटाच्या कुशीतल्या एका वाडीतले. वाडीत गाडी एकच, त्यांची. सकाळी तीच शाळेच्या मुलांना बिरवाडीला उतरवते, तीच आजाऱ्याला दवाखान्यात आणते, लग्नाचं वऱ्हाडही तीच नेते. काका आणि अण्णा एकमेकांचे जुने दोस्त. अण्णांनी आयुष्यात घासलेली पहिली चकती त्यांच्याच आधीच्या जीपसाठी होती, असं दोघंही अभिमानाने सांगायचे.

"अण्णा, चकती द्या की माझी," काका म्हणाले.

"तुला नाय देणार."

"समद्यांना दिली नि मला नाय? माझं काय चुकलं?"

"तुझ्या गाडीत पोरं बसतात कोंड्या. मागचा पडदा फाटलेला हाय. धूर कुठं जातो ते बघितलंस कधी?"

काका तापले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. "नि गाडी घाटात बसली तर? बाळंतपणाला निघालेली बाई आत असली तर काय सांगू तिला? अण्णांना खोकला झाला, तू चालत जा?"

हे बोलणं अण्णांना लागलं होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. मग म्हणाले, "आठ दिवस दे मला गाडी. चकतीबिगर भरल्या गाडीनं चढवून दाखवतो. नाय चढली तर चकती तुझी, नि मीच माझ्या हातानं बसवीन."

ते आठ दिवस मी विसरूच शकत नाही. डॉक्टरांनी धुरापासून लांब राहायला सांगितलेला माणूस रोज सकाळी नाकाला ओला पंचा बांधून गाडीखाली जात होता. दर थोड्या वेळाने बाहेर येऊन भिंतीला टेकायचा, श्वास जमवायचा. आई आणि मी भांडलो, अबोला धरला, शेवटी आईच शेजारी स्टूल टाकून बसायला लागली. गाडीत काय काय निघालं! नोझल गळत होते. हवेचा पाइप आतून चिरलेला होता. मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेक धरलेले होते, म्हणजे गाडी घाट चढत होती तीसुद्धा कुणीतरी मागून ओढून धरल्यासारखी. अण्णा एकेक दुरुस्त करत गेले आणि दिवसेंदिवस गप्प होत गेले. एका दुपारी जेवताना हातातला घास तसाच ठेवून म्हणाले, "वैशू, इतकी वर्षं मी दुखणं कुठं हाय ते बघितलंच नाय गो. नुसतं ताकदीचं औषध देत राहिलो."

मी ताटात आमटी वाढली. त्यांच्या चकत्यांवर घर चाललं होतं, माझं शिक्षण झालं होतं, आणि त्याच चकत्या काढून स्वच्छ ठरवलेल्या गाड्यांना मी कागद देत होते. त्या दुपारी प्रथमच मला वाटलं की आम्ही दोघं एकाच कामाची दोन टोकं आहोत.

आठव्या दिवशी फडकं धरलं. डाग इतका फिका की आईने तेच फडकं धुऊन पुन्हा वापरलं. काका गाडी नदीवर धुवायला घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात आले. मागे वाडीचे लोक, तांदळाची पोती, एक शेळी. पुढे काकांच्या शेजारी मी, आणि दारापाशी अण्णा. बिरवाडी गेली, वरंध गेलं, चढ सुरू झाला. कुणी बोलत नव्हतं. शेळीसुद्धा ओरडायची थांबली होती. त्या घाटात एक वळण आहे, जिथे रस्ता एकदम उभा राहतो आणि गाडीचं खरंखोटं कळतं. तिथे जीपने दम घेतला, काकांनी गिअर खाली टाकला, आणि गाडी चढली. चांगली जोरात चढली. मागे लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

अण्णांनी एकदा बाहेरच्या आरशात पाहिलं. मग डोळे मिटून थोडा वेळ बसून राहिले. वर खिंडीत गाडी थांबल्यावर मला म्हणाले, "आवाज ऐकलास?"

"ऐकला ना! काय सुंदर चढली अण्णा."

"ऐकत जा," ते म्हणाले. एवढंच. काकांच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच राहू दिला. काका समोर दरीकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी हातोडी मागितली. फळीवर, काकांच्या चकतीच्या शेजारी, एक नवा खिळा ठोकला, खाली रंगाने नंबर लिहिला. तेवढ्यानेही त्यांना धाप लागली. मी विचारलं, "हा कशाला?" तर म्हणाले, "असू दे. लागेल." पुढे श्रावणात अण्णा गेले.

त्यानंतरचे तीन मे मी जरा ताठ मानेने काढले. काका गाडी घेऊन यायचे, मी नळी घालायची, आकडा सुरेख यायचा. मी रांगेतल्या बाकीच्यांना ऐकवायची, "बघा, ही आमच्या अण्णांच्या हातची गाडी. चकतीशिवाय घाट चढते. नाहीतर तुम्ही!" काका कागद घडी करून खिशात घालायचे आणि चहा न घेता निघून जायचे. मी म्हणायची, माणूस अबोल झाला, दोस्त गेल्यापासून.

या वर्षी काका आले, ते गाडी रांगेत न लावता. दुपारची वेळ होती, केबिनपुढे कुणी नव्हतं. जीप लांब आंब्याखाली उभी केली आणि चालत आले. दारातच उभे राहिले.

"वैशू, मशीन लावू नको अजून. एक सांगायचं हाय."

मी खुर्ची दिली. बसले नाहीत. शर्टाच्या खिशातून त्यांनी कागदाची पुडी काढली आणि टेबलावर उघडली. आत चकती होती. पितळी, काळवंडलेली, अण्णांच्या चकतीपेक्षा ओबडधोबड.

"ही मी आजच काढली. दर मे महिन्यात काढतो नि तुझा कागद मिळाला की घालतो. चार वरसं झाली."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं तेव्हा मी म्हणाले, "म्हणजे अण्णा गेल्यावर तुम्ही—"

"नाय गो. आधीच." काकांनी मान खाली घातली. "गाडी धुवायला नेली होती ना नदीवर? त्या दिवशी पोलादपूरला जाऊन बसवून आणली. समदी वाडी गाडीत बसणार. त्या वळणावर गाडी थांबली असती तर अण्णांची मान खाली गेली असती. मला ते बघवलं नसतं. म्हटलं, म्हातारा जिंकू दे. मग काढून टाकीन." थोडं थांबून म्हणाले, "मग गाडी चढत होती. काढलीच नाय."

मला राग आला. फार आला. तीन वर्षं मी लोकांपुढे मिरवले ते आठवून कान तापले. त्याहून वाईट म्हणजे ते आठ दिवस आठवले, नाकाला बांधलेला ओला पंचा, भिंतीला टेकून जमवलेला श्वास. मी विचारलं, "मग आज कशाला आलात सांगायला?"

"नात यंदापासून माझ्या गाडीनं जाते शाळेत. मागच्या बाकावर बसते. सुट्टी लागली त्या दिवशी तिचा रुमाल धुवायला काढला सुनेनं." त्यांनी आपला तळवा उघडून मला दाखवला, जणू तो रुमाल तिथे होता. "अण्णांचं फडकं मी नाय बघितलं. तुझ्या आईनं सांगितलं होतं. तसंच होतं गो ते."

पंखा फिरत होता. काकांनी चकती उचलली आणि भिंतीवरच्या फळीकडे गेले. चार वर्षांत ते कधी केबिनच्या आत आले नव्हते, दारातूनच कागद घ्यायचे. आपला नंबर त्यांनी शोधला. त्यावर जुनी चकती होती. मग शेजारचा खिळा दिसला. त्यांनी नंबर वाचला, पुन्हा वाचला, बोट लावून वाचला.

"हा दुसरा खिळा कधीचा गो?"

"घाट चढून आलो ना काका, त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. अण्णांनी स्वतः ठोकला. म्हणाले, लागेल."

काका फळीपुढे उभे राहिले. त्यांचे खांदे हलायला लागले तेव्हा मी दाराकडे तोंड केलं. ज्या माणसाने तीस वर्षं आवाज ऐकून पंप लावले, त्याला त्या वळणावर गाडीचा आवाज कळला नसेल असं आम्हा दोघांना कसं वाटलं? त्यांनी आरशात बघितलं होतं. डोळे मिटून ऐकलं होतं. आणि तरी काकांच्या पाठीवर हात ठेवला होता. रागावले नाहीत, कारण ही खोड त्यांनीच लावलेली होती आणि ती एका दिवसात सुटायची नाही हे त्यांना माहीत असणार. त्यांनी फक्त जागा करून ठेवली. मला "ऐकत जा" म्हणाले होते ते याच्यासाठी, आणि मी मात्र टाळ्याच ऐकल्या.

काकांनी चकती खिळ्यावर अडकवली. मी मशीन लावलं. आकडा मर्यादेत आला, कागद छापला. पण आम्हा दोघांच्याही मनात एकच गोष्ट घोळत होती, आणि ती मीच बोलले. "काका, म्हणजे अण्णांच्या कामाची परीक्षा झालीच नाही."

"नाय झाली," काका म्हणाले.

मी केबिन बंद केली. महाडहून वाडीकडे परतणारी माणसं बाजाराच्या पिशव्या घेऊन आंब्याखाली जमली होती. जीप भरली, मागे चौघं जास्तच. मी पुढे दारापाशी बसले, अण्णा बसले होते तिथे. वरंध मागे पडलं. चढ लागल्यावर मी खिडकीतून मान काढून आरशात पाहिलं. मागचा रस्ता स्वच्छ दिसत होता, मैलाच्या दगडावरचे आकडे वाचता येत होते. या वेळी मी ऐकत होते. इंजिनाचा आवाज बारीक होता, दमलेला, पण त्यात घरघर नव्हती. ते वळण आलं. काकांनी दुसरा गिअर टाकला, मग पहिला. गाडी इतकी हळू झाली की बाहेरून चालणारी एक म्हातारी आमच्याबरोबरीने चालू लागली आणि आत डोकावून हसली. मी दाराची कडी घट्ट धरली होती. काकांचे ओठ हलत होते. जीप थांबली नाही. एकेक हात, एकेक हात करत ती वळणाच्या वर आली आणि म्हातारी मागे पडली.

सपाटीला काकांनी गाडी कडेला घेतली. मागची माणसं विचारायला लागली, काय झालं, का थांबवली. काका दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसले होते.

"चढली गो वैशू," ते म्हणाले. "तेव्हाही चढली असती."